विष टिकते, उतारा विरतो : जीवाणूंतील एका यंत्रणेच्या मराठी नावाविषयी

मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात उटनूरला घरी आला. नववीच्या मुलांसाठी त्याने प्रतिजैविकांवर एक जादा पाठ लिहिला होता. “सर, विज्ञान मी पाहिले आहे, तुम्ही फक्त भाषा तपासून द्या,” एवढीच त्याची विनंती होती. त्या पाठात पुढील वाक्य होते : “काही विषाणूंमध्ये विष व प्रतिविष तयार करणारी जनुके असतात आणि त्यामुळे त्यांच्यावर औषधांचा परिणाम होत नाही.”

शुद्धलेखनाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. तरी काहीतरी खटकत होते, म्हणून मी त्याने आणलेले इंग्रजी टिपण वाचले. मग त्या टिपणाच्या आधाराने मूळ संशोधनाकडे गेलो. मी साहित्याचा अध्यापक, त्यामुळे या वाचनाला वेळ लागला. शेवटी लक्षात आले की त्या एका वाक्यात तीन चुका आहेत. पहिली ‘विषाणू’ या शब्दाची, दुसरी ‘प्रतिविष’ या शब्दाची आणि तिसरी ‘त्यामुळे’ या शब्दाची. त्यांपैकी पहिल्या दोन चुका मुलाने केल्या नव्हत्या, आपल्या परिभाषेने त्या त्याच्याकडून करवून घेतल्या होत्या. प्रस्तुत लेखात या तीन शब्दांच्या निमित्ताने ती यंत्रणा समजून घ्यायची आहे आणि तिला मराठीत काय म्हणावे याचा विचार करायचा आहे.

१. ‘विषाणू’

लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ या शब्दाचा अर्थ विष असाच होता. त्यामुळे ‘विषाणू’ हा मराठी शब्द मुळाला धरून आहे. पण त्याचा एक परिणाम असा होतो की जेथे विषाचा विषय निघतो तेथे विद्यार्थ्याच्या लेखणीतून ‘विषाणू’ आपोआप उतरतो. येथे जे विष तयार होते ते जीवाणूच्या पेशीत. जीवाणू ही पूर्ण पेशी आहे. ती अन्न घेते, वाढते, दुभंगते. विषाणूला स्वतःची पेशी नसते, त्याला दुसऱ्याच्या पेशीतच आपली नक्कल करवून घ्यावी लागते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. प्रतिजैविके जीवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. सर्दी-पडसे आणि पावसाळ्यातले बरेचसे ताप विषाणूंचे असतात. अशा तापात दुकानातून स्वतःच प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या आणून घेणाऱ्याचा ताप त्या गोळ्यांनी उतरत नाही. त्याच्या आतड्यातल्या जीवाणूंना मात्र त्या औषधाची ओळख होते. दोन शब्दांतली सरमिसळ अशी घराघरात पोहोचते.

२. स्थावर आणि जंगम

जीवाणूची बहुतेक जनुके त्याच्या गुणसूत्रावर असतात. याखेरीज अनेक जीवाणूंत डीएनएची लहान, बहुधा वर्तुळाकार, स्वतंत्रपणे नक्कल होणारी कडी असते. १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी तिला ‘प्लाझ्मिड’ हे नाव दिले. काही प्लाझ्मिडे एका जीवाणूतून शेजारच्या जीवाणूत जातात, आणि तो शेजारी दुसऱ्या जातीचाही असू शकतो. काही जनुके एका जागेवरून उचलली जाऊन दुसऱ्या जागी बसतात. अशी जनुके मक्याच्या अभ्यासात दाखवून देणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ चा नोबेल पुरस्कार मिळाला. काही घटक गुणसूत्रातच शिरून बसतात आणि वेळ आली की बाहेर पडून दुसऱ्या जीवाणूकडे निघतात. या सर्वांना मिळून ‘चल जनुकीय घटक’ म्हणतात.

‘मोबाइल’ म्हटले की आज मुलांच्या डोळ्यांपुढे फोन येतो. ‘चल’ हा शब्द बरोबर आहे, पण कोरडा आहे. आपल्या तलाठी दप्तराने आणि वाटणीपत्रांनी जपलेली एक जोडी येथे उपयोगी पडते : स्थावर आणि जंगम. गुणसूत्र ही जीवाणूची स्थावर मालमत्ता आणि प्लाझ्मिड ही जंगम, असे सांगितले की शेतकऱ्याच्या मुलाला दुसरे उदाहरण लागत नाही. औषधाला दाद न देण्याची जनुके पुष्कळदा या जंगम भागावर असतात. म्हणूनच ती इतक्या वेगाने पसरतात.

आता प्रश्न असा की ही जंगम मालमत्ता हरवत का नाही? पेशी दुभंगताना प्लाझ्मिडाच्या प्रती दोन्ही कन्यापेशींत जायला हव्यात. प्रती नशिबावर वाटल्या जातात असे क्षणभर धरू. दोनच प्रती असतील तर एक कन्यापेशी रिकामी राहण्याची शक्यता दोनात एक. दहा प्रती असतील तर ५१२ मध्ये एक. वीस असतील तर ५,२४,२८८ मध्ये एक. लहान प्लाझ्मिडांच्या प्रती पुष्कळ असतात, त्यांना चिंता नाही. मोठ्या प्लाझ्मिडांच्या प्रती अगदी थोड्या असतात, कधी एकदोनच. त्यांच्यापाशी प्रतींची नीट वाटणी करणारी यंत्रणा असते, पण तीही क्वचित चुकते. ती चुकल्यावर काय होते, तेथे आपला विषय सुरू होतो.

३. यंत्रणा

अशा अनेक प्लाझ्मिडांवर शेजारी शेजारी दोन जनुके असतात. एकापासून विष तयार होते. दुसऱ्यापासून त्या विषाला निष्प्रभ करणारा पदार्थ तयार होतो. प्लाझ्मिड पेशीत आहे तोवर दोन्ही तयार होत राहतात आणि पेशी सुखरूप राहते. सारी गोम टिकाऊपणाच्या फरकात आहे. विष टिकते, दुसरा पदार्थ लवकर विरतो. तो सतत नव्याने करावा लागतो.

समजा, पेशी दुभंगली आणि एका कन्यापेशीला प्लाझ्मिड मिळाले नाही. आईच्या पेशीतला द्रव मात्र तिच्या वाट्याला आला आणि त्यात दोन्ही पदार्थ आले. थोड्या वेळात दुसरा पदार्थ विरला. तो पुन्हा करण्याची कृती तर प्लाझ्मिडावर होती आणि प्लाझ्मिड नाही. विष उरले. ती पेशी मरते, किंवा तिची वाढ खुंटते.

एफ या प्लाझ्मिडावरची जोडी आपण उदाहरणादाखल घेऊ. तिचे विष ‘सीसीडी-बी’ हे प्रथिन. डीएनएचे पीळ सांभाळणारे ‘गायरेज’ नावाचे विकर पेशीत असते. हे विष त्या विकराला धरून ठेवते आणि डीएनए तुटतो. दुसरे प्रथिन ‘सीसीडी-ए’ या विषाला मिठी मारून बसते आणि त्याला गायरेजपर्यंत जाऊ देत नाही. पण ‘लॉन’ नावाचे प्रथिन तोडणारे विकर सीसीडी-ए ला सतत तोडत असते.

वर्गासाठी मला एक घरगुती दृष्टान्त सुचला. एका कुटुंबाने कर्ज काढून बैलजोडी घेतली. बैलांच्या कमाईतून हप्ता जातो आणि घर चालते. पुढे भाऊ विभक्त झाले. बैल थोरल्याकडे गेले, पण कर्ज दोघांच्या अंगावर राहिले. थोरला हप्ता भरत राहतो. धाकट्याकडे कर्ज आहे, हप्ता भरण्याचे साधन नाही. कर्ज म्हणजे विष, हप्ता म्हणजे त्याला थोपवणारा पदार्थ आणि बैल म्हणजे प्लाझ्मिड. दृष्टान्त येथपर्यंतच न्यावा. कर्जामागे वसुली करणारा माणूस असतो, येथे कोणीच नाही.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी लागते. ही जोडी प्लाझ्मिडाला धरून ठेवत नाही. प्लाझ्मिड हरवायचे तेव्हा हरवतेच. जोडी फक्त हरवलेल्यांना मागे उरू देत नाही. त्यामुळे काही पिढ्यांनी पाहिले तर ज्यांच्याकडे प्लाझ्मिड आहे तेच जीवाणू दिसतात आणि ते प्लाझ्मिड फार घट्ट बसलेले आहे असे आपल्याला वाटते.

४. नावांची कहाणी

हा घोटाळा पहिल्या संशोधकांच्याही वाट्याला आला होता आणि त्याची खूण नावात उरली आहे. १९८३ मध्ये ओगुरा आणि हिरागा या जपानी संशोधकांनी एफ प्लाझ्मिडावरच्या या जोडीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्लाझ्मिडाची नक्कल पूर्ण होईपर्यंत पेशीचे विभाजन थांबवले जाते, अशी त्यांची मांडणी होती. म्हणून त्यांनी ‘जोडलेले पेशीविभाजन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ‘सीसीडी’ हे नाव दिले. दोनतीन वर्षांतच कळले की विभाजन थांबत नाही, ते होते, आणि प्लाझ्मिड न मिळालेल्या पेशी नंतर मरतात. आद्याक्षरे तीच राहिली, पण त्यांचा विस्तार बदलून ‘पेशीमृत्यूचे नियंत्रण’ असा करण्यात आला. अर्थ बदलला आणि शब्द तसाच राहिला, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याला नवी नाही. येथे ती तीन अक्षरांत आणि तीन वर्षांत घडली.

१९८६ मध्ये गेर्डेस, रासमुसेन आणि मोलिन यांनी आर-१ या प्लाझ्मिडावरच्या ‘हॉक’ आणि ‘सॉक’ या जोडीचे काम स्पष्ट केले. हॉक म्हणजे यजमानाला मारणारे, सॉक म्हणजे त्या मारण्याला दाबणारे. ‘विभाजनोत्तर हनन’ ही संकल्पना या निबंधाने रूढ केली. पुढे पी-१ या जीवाणुभक्षक विषाणूवर आणखी एक जोडी सापडली. तिच्यातल्या विषाचे नाव ‘डॉक’ आणि त्याला आवरणाऱ्या प्रथिनाचे नाव ‘पीएचडी’. यजमानाचा मृत्यू टाळणारे ते पीएचडी. ही पदवी मिळवण्यात आयुष्याची काही वर्षे घालवलेल्या माणसाला हे वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही. हा विनोद भाषांतरात टिकणार नाही आणि टिकवण्याचा हट्टही धरू नये.

मात्र ‘डॉक’ या नावात एक गंभीर गोष्ट दडली आहे. त्याचा विस्तार ‘बरे होताच मृत्यू’ असा होतो. इंग्रजी प्रयोगशाळेत जीवाणूतून प्लाझ्मिड काढून टाकण्याला ‘बरे करणे’ म्हणतात, जणू प्लाझ्मिड हा जीवाणूला जडलेला रोग आहे. मराठीत हे शब्दशः आणले तर अर्थाचा अनर्थ होईल. रोगी माणूस बरा होणे आणि जीवाणू प्लाझ्मिडमुक्त होणे या दोन गोष्टी एकाच पाठात येतात, तेव्हा दुसरीसाठी ‘प्लाझ्मिडमुक्ती’ असा सरळ शब्द वापरणेच बरे.

५. ‘प्रतिविष’ की ‘उतारा’?

आता त्या वाक्यातला दुसरा शब्द. इंग्रजी संज्ञेचे घटक वेगळे करून ‘विष-प्रतिविष प्रणाली’ असे नाव सहज करता येते आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. तरी माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की ‘प्रतिविष’ ही जागा रिकामी नाही. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्प यांवरील प्रतिविषाचे काम प्रसिद्ध केले. तेव्हापासून वैद्यकात हा शब्द रक्तजलातून मिळणाऱ्या, टोचायच्या औषधासाठी आहे. आयुर्वेदात तर ‘प्रतिविषा’ हे अतिविखाच्या वनस्पतीचे एक नाव आहे.

दुसरा आक्षेप अर्थाचा आहे. ‘प्रतिविष’ म्हटले की विषाशी थेट झुंजणारा, त्याच्याच तोडीचा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. आज या जोड्यांचे सात-आठ प्रकार मानले जातात आणि त्यांत थोपवण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. सीसीडी-ए विषाला मिठी मारते. सॉक विषाला स्पर्शही करत नाही, ते विष तयारच होऊ देत नाही. आणखी एका प्रकारात दुसरा घटक विषाला सोडून, विष जेथे घाव घालते त्या जागेला सांभाळतो. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. ते औषध विषाला भिडत नाही, विषाने शरीरात जे घडवले ते परतवते. त्याला प्रतिविष म्हणता येणार नाही. उतारा म्हणायला मात्र कोणाची हरकत नसावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विष आणि प्रतिविष ही नावे दोघांना समान पातळीवर बसवतात. या यंत्रणेचा प्राणच असमानतेत आहे. एक टिकाऊ, दुसरा नाशवंत. ‘उतारा’ हा शब्द उच्चारताच तो कोणीतरी वेळेवर द्यावा लागतो, पुन्हा द्यावा लागतो आणि मिळाला नाही तर विष चढते, हे सारे आपल्याला माहीत असते.

येथे आमच्या गावाचा थोडा आधार घेतो. उटनूरच्या बाजारात तेलुगू, गोंडी, कोलामी, मराठी, लंबाडी आणि उर्दू एकाच वेळी कानावर पडतात. तेलुगूत विषावरच्या उपायाला ‘विरुगुडु’ म्हणतात. त्यामागे मोडण्याचा भाव आहे, विष मोडते. उर्दूत ‘तिर्याक’ आहे, जो ग्रीकमधून फिरत आला. मराठीत विष ‘चढते’ आणि ‘उतरते’, म्हणून ‘उतारा’. तिन्ही शब्द लोकांचे आहेत, ते कोणत्याही समितीने घडवलेले नाहीत.

‘उतारा’ या शब्दात आणखी एक सोय आहे, आणि ती मला अनपेक्षितपणे सापडली. मराठीत उतारा म्हणजे उतरवून घेतलेली नक्कलही. पुस्तकातला उतारा, सातबाराचा उतारा. सॉक हा पदार्थ प्रथिन नाही, तो आरएनएचा लहान तुकडा आहे. म्हणजे जनुकावरून उतरवून घेतलेली प्रतच. हॉकचा संदेशही अशीच एक प्रत आहे. पण हॉकची प्रत दीर्घकाळ टिकते आणि सॉकची झटकन विरते. सॉकची प्रत हॉकच्या प्रतीला जाऊन चिकटते, तेवढ्याने हॉकचे प्रथिन तयार होणे थांबते. सॉक संपले की टिकून राहिलेल्या जुन्या प्रतीवरून ५२ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन तयार होते आणि ते पेशीच्या पटलाचा घात करते. सॉक हा दोन्ही अर्थांनी उतारा आहे. हा शब्दांचा योगायोग आहे, शास्त्रीय पुरावा नाही. पण वर्गात एकदा सांगितलेला असा योगायोग विद्यार्थी विसरत नाही.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. ‘उतारा’ शब्दाला लिंबू-नारळाच्या उताऱ्याचा आणि ‘विंचू उतरवणाऱ्या’ मांत्रिकाचा वास आहे. सर्पदंश झालेल्या माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते अशा भागात विज्ञानाच्या शिक्षकाने हा शब्द जपूनच वापरला पाहिजे. माझे मत असे की लोकांचा शब्द मांत्रिकाला सोडून देण्यापेक्षा तो वर्गात आणून त्याचा अर्थ पक्का करावा. उतारा म्हणजे ज्याची क्रिया दाखवता येते आणि जो संपल्यावर काय होते हेही दाखवता येते असा पदार्थ.

६. रूपकाची हद्द

इंग्रजी लेखनात या जोडीला ‘व्यसन लावणारी जोडी’ म्हणण्याची पद्धत १९९० नंतर रूढ झाली. सोडले की त्रास सुरू होतो, एवढे या रूपकात बरोबर पकडले आहे. पण मराठीत ‘व्यसन’ म्हटले की व्यसनी माणसाचा दोष, घरच्यांचे हाल आणि सुधारण्याची शक्यता या सर्व गोष्टी मागोमाग येतात. जीवाणूला निवड नाही आणि पश्चात्तापही नाही. ‘स्वार्थी प्लाझ्मिड’ या शब्दप्रयोगाचेही तेच. शिक्षकाने रूपक एकदा वापरावे, ते कोठे संपते ते सांगावे आणि पुढे सरळ भाषेत बोलावे.

रूपक विचारालाही वळण लावते. ही जोडी प्लाझ्मिडाच्या स्थैर्यासाठीच आहे असे बरीच वर्षे धरून चालले होते. २००० मध्ये कूपर आणि हाइनेमान यांनी प्रयोगावरून वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते तिचा खरा लाभ दोन प्लाझ्मिडांच्या स्पर्धेत आहे. ज्याच्याकडे जोडी आहे ते प्लाझ्मिड, ती नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला जागा मिळू देत नाही. काही जोड्या जीवाणुभक्षक विषाणूंपासून वसाहतीचे रक्षण करतात असेही दिसले आहे. लागण झालेली पेशी स्वतः मरते आणि विषाणूची वाढ तेथेच थांबते.

आणखी एक प्रकरण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. औषधाच्या माऱ्यातही काही जीवाणू निपचित राहून तग धरतात. गुणसूत्रावरच्या दहा जोड्या काढून टाकल्या तर अशा चिवट पेशी खूपच कमी होतात, असा निबंध २०११ मध्ये आला आणि तो सर्वत्र उद्धृत झाला. पुढे त्याच संशोधनगटाला आढळले की प्रयोगातल्या काही जीवाणूंत एक भक्षक विषाणू नकळत शिरला होता आणि फरक त्यामुळे पडला होता. २०१८ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. चल घटकांच्या अभ्यासकांना एका चल घटकानेच चकवले होते. चूक उघड मान्य करणे हा शास्त्राच्या शिक्षणाचा भाग आहे, आणि साहित्याच्या शिक्षणाचाही असायला हवा.

७. ‘त्यामुळे’

तिसरी चूक ‘त्यामुळे’ या शब्दाची. विष-उतारा जोडी औषधाला थोपवत नाही. ते काम त्याच प्लाझ्मिडावरची दुसरी जनुके करतात. जोडी फक्त ते प्लाझ्मिड वंशात टिकवायला हातभार लावते. कारण आणि साथ यांतला हा भेद आहे, आणि तो व्याकरणाच्या तासालाही शिकवण्याजोगा आहे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १९९२ मध्ये मद्रासमध्ये पटकीच्या जीवाणूचा ओ-१३९ हा नवा प्रकार दिसला. त्याच्या गुणसूत्रात शिरून बसणारा एक चल घटक होता. ज्या दोन औषधांना तो दाद देत नव्हता त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘एसएक्सटी’ नाव पडले. २००९ मध्ये वोझनियाक आणि वाल्डोर यांनी त्यावर विष-उताऱ्याची जोडी दाखवली. घटक गुणसूत्रातून बाहेर पडतो आणि हरवण्याची भीती असते, नेमक्या त्याच वेळी ही जोडी अधिक सक्रिय होते.

आपल्याच राज्यात पाटणचेरू येथे औषधनिर्मितीच्या सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करणारे केंद्र होते. तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तेथील ओढ्याच्या गाळात प्रतिकाराची जनुके आणि त्यांना वाहून नेणारे चल घटक मोठ्या प्रमाणात आढळले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ज्या विकरावर घाव घालते ते गायरेजच आहे, ज्यावर सीसीडी-बी घाव घालते. माणसाने औषध म्हणून शोधलेले मर्मस्थान प्लाझ्मिडांना कधीचेच ठाऊक होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये नोंदवले की शेवटची आशा मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर होते. त्याचे जनुक मुख्यतः प्लाझ्मिडांवरून फिरते. त्या विकराच्या नावात ‘नवी दिल्ली’ घातल्यावरून तेव्हा मोठा वाद झाला. नाव निरुपद्रवी नसते, याचे हे आणखी एक उदाहरण.

मग औषधाचा वापर थांबवला की प्रतिकार ओसरेल का? ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फा गटातील एका औषधाचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. तरी ई. कोलाय जीवाणूंतील प्रतिकार १९९१ मधील ३९.७ टक्क्यांवरून १९९९ मध्ये ४६ टक्क्यांवर गेला. त्याला अनेक कारणे आहेत. एकाच प्लाझ्मिडावर इतर औषधांच्या प्रतिकाराची जनुकेही असतात, आणि प्लाझ्मिड सोडणाऱ्याला मारणाऱ्या जोड्या हेही संभाव्य कारणांपैकी एक आहे. उलट फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनसारख्या औषधांचा वापर घटवल्यावर घसा धरणाऱ्या जीवाणूंतला प्रतिकार १९९२ मधील १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आला. म्हणजे संयमाचा उपयोग होतो, पण प्रत्येक वेळी होईलच अशी हमी नाही. जे पसरले ते परत बोलावणे अवघड, म्हणून पसरू न देणे महत्त्वाचे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज प्रतिजैविक घेऊ नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत आणि पाणी स्वच्छ ठेवावे. नववीच्या मुलापर्यंत हे पोहोचले नाही तर परिभाषेची चर्चा फुकट आहे.

८. वर्गातला उतारा

परिभाषा घडवण्याचे काम या मुलुखाला नवे नाही. निजामाच्या काळात १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल तर्जुमा हे भाषांतर केंद्र निघाले आणि उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकवली. १९४३ पासून मारलवाईला हाइमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या सर्वांच्या कामाचा धडा एकच आहे. कोशातली संज्ञा वर्गात वापरून पाहिल्याशिवाय जगत नाही.

म्हणून मी आणि माझ्या विद्यार्थ्याने मिळून त्या एका वाक्याऐवजी पुढील परिच्छेद लिहिला :

“काही जीवाणूंकडे प्लाझ्मिड नावाची डीएनएची जंगम कडी असते. औषधाला दाद न देण्याची जनुके पुष्कळदा तिच्यावर असतात. अशा काही कड्यांवर विष आणि त्याचा उतारा यांची जोडी असते. विष टिकते, उतारा लवकर विरतो. कडी जवळ आहे तोवर उतारा पुन्हा पुन्हा तयार होतो आणि जीवाणू जगतो. पेशी दुभंगताना जिला कडी मिळत नाही तिच्याकडे जुने विष उरते, नवा उतारा तयार होत नाही, आणि ती मरते. म्हणून कडी असलेले जीवाणूच मागे राहतात. ही जोडी औषधाला थोपवत नाही, औषधाला थोपवणारी कडी वंशात टिकवायला मदत करते.”

त्याखाली तीन प्रश्न दिले. उतारा विषाइतकाच टिकाऊ असता तर काय झाले असते? कडी हरवण्याचे प्रमाण ही जोडी कमी करते, की हरवलेल्यांची संख्या? विषाणूजन्य तापात प्रतिजैविक घेतल्याने कोणाचा तोटा होतो?

त्याने पाठ वर्गात घेतला आणि पंधरवड्याने पुन्हा आला. ‘उतारा’ म्हणताच दोन मुलांनी सातबारा सांगितला आणि एका मुलीने लिंबू-नारळ. त्याने तिन्ही अर्थ फळ्यावर लिहिले आणि चौथा त्यांच्याकडून काढून घेतला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच मुलीने दिले : “मग कडी हरवली तरी काही झाले नसते, सर.” यंत्रणा तिला कळली होती. परीक्षेच्या सोयीसाठी कंसात ‘प्रतिविष’ ठेवावे असा त्याचा आग्रह होता आणि तो मी मान्य केला. पाठाच्या मथळ्यात मात्र आता ‘विष-उतारा जोडी’ असे आहे.